पोच : तारयंत्रापासून ग्राफिंग कॅल्क्युलेटरपर्यंत

जुन्या मराठी पत्रव्यवहारात मजकुराइतकेच महत्त्व पोचेला होते. पत्र हाती आले, मजकूर ध्यानी आला, एवढे कळविणारे उत्तर येईपर्यंत पाठविणाऱ्याच्या लेखी ते पत्र वाटेतच असे. घोडेस्वार वाटेत अडला असेल, नदीला पूर आला असेल, कागद भिजून अक्षर पुसले असेल. पोच आल्यावाचून निश्चिती नाही. माणसामाणसांतील हा शिष्टाचार यंत्रांच्या अंगी बाणविण्यात पुढे दीडशे वर्षे खर्ची पडली. त्या दीर्घ खटाटोपातील एक लहानसे, पण मोठे बोधक प्रकरण म्हणजे संगणकाच्या सीरियल पोर्टमार्फत शाळकरी मुलाच्या दप्तरातील ग्राफिंग कॅल्क्युलेटरशी साधलेले संभाषण. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. बालाघाटच्या वाचकांस तो प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु ज्या तारेपासून या विद्येचा आरंभ होतो, ती तार आपल्या स्थानकांवरूनच गेलेली होती.

बालाघाट जिल्हा १८६७ साली अस्तित्वात आला. त्याचे मुख्य ठिकाण त्या वेळी बुऱ्हा या नावाने ओळखले जाई. भोसल्यांच्या अमदानीत या मुलखात आलेली मराठी घराणी तोवर येथे रुजली होती. पुढे रेल्वे आणि मँगनीजच्या खाणी यांच्या निमित्ताने आणखी काही आली. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा अडीच फुटी रुळांचा मार्ग १९०३ ते १९०५ या काळात वाहतुकीस खुला केला. रूळ टाकले की त्यांच्या कडेने तारेचे खांब उभे राहत, हा त्या काळचा नेमच होता. मार्ग एकपदरी. समोरासमोरून दोन गाड्या एकाच पट्ट्यात येणे म्हणजे साक्षात मृत्यू. म्हणून पुढच्या स्थानकाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याखेरीज गाडी सोडावयाची नाही, हा दंडक.

हा दंडक पाळण्याची भारतीय रेल्वेची रीत फार विचारपूर्वक घडलेली आहे. नुसते ‘येऊ द्या’ एवढे शब्द पुरेसे मानले जात नाहीत. उत्तर देणारा स्टेशनमास्तर आपल्याजवळच्या छापील तक्त्यातील एक आकडा सांगतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकडा विचारणारा आपल्या वहीत नोंदवितो आणि देणारा आपल्या तक्त्यावर खोडतो, म्हणजे तोच आकडा पुन्हा वापरला जाऊ नये. उत्तर आले, ते खरोखर त्याच माणसाकडून आले, आणि ते या क्षणीच्या प्रश्नाचेच उत्तर आहे, कालच्या प्रश्नाचे नव्हे, या तिन्ही गोष्टींची शाश्वती त्या एका आकड्यात असते. संगणकशास्त्राच्या पुस्तकांतून याच तीन गोष्टींसाठी आज अवजड नावे वापरली जातात. आपल्याकडील साध्या स्टेशनमास्तरास त्या अंगवळणी पडल्या होत्या.

तारेविषयी आणखी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. तार एकच असल्यामुळे तिच्यावरून एका वेळी एकच खूण जाते. कागदावर आपण संपूर्ण शब्द एका दृष्टिक्षेपात पाहतो. तारेवर मात्र अक्षराचे तुकडे पाडून ते एकामागोमाग एक सोडावे लागतात आणि पलीकडे पुन्हा जुळवावे लागतात. ‘सीरियल’ या शब्दाचा अर्थ एवढाच : क्रमवार, एकापाठोपाठ एक. मोर्सच्या लिपीत हे तुकडे आखूड व लांब होते. कुठे एक अक्षर संपले आणि कुठे दुसरे सुरू झाले, हे तारबाबूचा कान ठरवी. यंत्राला कान नसतो. तेव्हा एमिल बोदो या फ्रेंच तारखात्यातील कर्मचाऱ्याने १८७४ साली प्रत्येक अक्षरास नेमक्या पाच खुणा देण्याची पद्धत बसविली. पाच खुणांच्या बत्तीस जुळण्या होतात. रोमन वर्णमालेस त्या पुरतात. संगणकाच्या तारेचा वेग सांगताना आजही ‘बॉड’ हा शब्द निघतो, तो या बोदोच्या नावावरून.

पाच खुणा ठरल्या, तरी त्या केव्हापासून मोजावयाच्या हा प्रश्न उरलाच. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या क्रम पितापुत्रांनी त्याचे जे उत्तर काढले ते इतके साधे आहे की आधी कोणास कसे सुचले नाही याचे नवल वाटते. तार स्वस्थ असताना तिच्यात प्रवाह चालू ठेवावयाचा. अक्षर पाठविण्यापूर्वी एक खूण प्रवाह तोडावयाचा. ती सुरुवातीची सूचना. मग अक्षराच्या खुणा. शेवटी पुन्हा प्रवाह चालू. ती विसाव्याची खूण. ऐकणाऱ्या यंत्राने प्रत्येक अक्षरापाशी आपले घड्याळ नव्याने लावावयाचे. दोन्ही घड्याळे तंतोतंत जुळण्याची गरज नाही. एका अक्षरापुरती जुळली की काम भागते. शिवाय स्वस्थ तारेत प्रवाह असल्यामुळे तार मध्येच तुटली तर ते ताबडतोब कळते. टेलिप्रिंटर याच तत्त्वावर चालले. मद्रासला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सची यंत्रे ज्यांनी तारघरांत किंवा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पाहिली असतील, त्यांच्या कानांत तो खडखडाट अजून असेल.

संगणक आले तेव्हा ही सर्व विद्या त्यांनी आयती उचलली. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० साली आरएस-२३२ नावाचे मानक प्रसिद्ध केले. १९६९ ची त्याची सुधारित आवृत्ती सर्वत्र रूढ झाली. तारेवर उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे १, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे ०. कोणत्या टाचणीवर काय असावे, ‘मी तयार आहे’ हे कोणत्या तारेने सांगावे, सारे कागदावर छापून मोकळे. यातील मोकळेपणाचे महत्त्व पुढे लक्षात येईल. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, त्याच्या सीरियल पोर्टच्या मागे ८२५० या क्रमांकाची चिप होती. अक्षराचे आठ तुकडे करून क्रमाने सोडणे आणि येणारे तुकडे जुळविणे हे तिचे काम. खाणीतून निघालेला ट्रक धर्मकाट्यावर उभा राहतो आणि केबिनमधील संगणकावर वजनाचा आकडा उमटतो, तो पुष्कळ ठिकाणी याच जातीच्या तारेने येतो. तेव्हा सीरियल पोर्ट आपल्या गावाला अपरिचित आहे असे मुळीच नाही. त्याचे नावच तेवढे कोणी उच्चारीत नाही.

आता कॅल्क्युलेटरकडे वळू. समीकरण टाकले असता पडद्यावर त्याचा आलेख काढून दाखविणारा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ साली विक्रीस आणला. ह्यूलेट-पॅकार्ड आणि टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपन्या मागोमाग उतरल्या. आपल्याकडे त्या वेळी, आणि नंतरही बरीच वर्षे, गणिताच्या विद्यार्थ्याचा आधार लॉगरिथमचे कोष्टकच होता. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नेण्याची मुभा नव्हती. अमेरिकेत नेमके उलट घडले. तेथील कॉलेज बोर्डाने शाळेतील प्रगत कॅल्क्युलसच्या परीक्षेस १९९५ पासून ग्राफिंग कॅल्क्युलेटर आवश्यक ठरविला. परीक्षेला लागते म्हटल्यावर घरोघरी ते यंत्र आले. आपल्या घराण्यांतील जी मुले नागपूर-जबलपूरमार्गे अमेरिकेस जाऊन स्थिरावली, त्यांच्या मुलांच्या दप्तरांतही ते असणारच. आजोबांच्या हाती लॉगचे कोष्टक आणि नातवाच्या हाती हे यंत्र, एवढे अंतर दोन पिढ्यांत पडले.

या यंत्रांच्या आत प्रोग्रॅम लिहिता येई, परंतु बोटाएवढ्या बटणांवर दीडदोनशे ओळी ठोकणे म्हणजे शिक्षाच. आणि लिहिलेले टिकविण्याची सोयही नाजूक. स्मृती विजेवर जगणारी. मुख्य बॅटऱ्या उतरल्या की झाकणाआडच्या बटणाएवढ्या लिथियम बॅटरीवर तिची भिस्त, तीही संपली की सारे कोरे. म्हणून कॅल्क्युलेटरमधील मजकूर संगणकात उतरवून ठेवावा आणि संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम त्यात चढवावा, ही गरज उत्पन्न झाली. इथे दोन कंपन्यांनी दोन अगदी भिन्न वाटा धरल्या, आणि माझ्या मते या प्रकरणाचा सारा इतिहास त्या फाट्यावर आहे.

ह्यूलेट-पॅकार्डच्या १९९० सालच्या एचपी-४८ एसएक्स या यंत्रास चार टाचण्यांचा खराखुरा सीरियल पोर्ट होता. सेकंदाला ९६०० खुणा हा त्याचा कमाल वेग. संभाषणाची रीत म्हणून कंपनीने नवे काही न शोधता ‘कर्मिट’ स्वीकारले. कर्मिट १९८१ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जन्मले. तेथील मोठ्या संगणकावर विद्यार्थ्यांना जागा अपुरी मिळे. आपल्या फाइली लहान संगणकांच्या फ्लॉपींवर नेऊन ठेवता याव्यात म्हणून विद्यापीठाच्या संगणक केंद्रातील दोघांनी ही रीत तयार केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातील बेडकाचे नाव तिला दिले. तिचे नियम सर्वांस खुले होते. मजकुराचे लहान लहान गठ्ठे करावयाचे, प्रत्येकावर क्रमांक घालावयाचा, शेवटी बेरजेची खूण टाकावयाची. पलीकडून ‘क्रमांक अमुक पावला’ अशी पोच आली की पुढचा गठ्ठा. ‘बिघडला’ असे उत्तर आले, किंवा काहीच आले नाही, तर तोच गठ्ठा पुन्हा. जगात ज्या ज्या संगणकावर कर्मिट होते, आणि ते बहुतेकांवर होते, त्या त्या संगणकाशी एचपी-४८ पहिल्या दिवसापासून बोलू शकत होता.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने दुसरी वाट धरली. १९९० च्या टीआय-८१ ला तार जोडण्याची सोयच नव्हती. १९९२ च्या टीआय-८५ ला आणि पुढील वर्षीच्या टीआय-८२ ला कानाला लावावयाच्या हेडफोनसारखे, अडीच मिलिमीटरचे एक छिद्र मिळाले. त्यात जाणारी केबल प्रथमतः दोन विद्यार्थ्यांचे कॅल्क्युलेटर एकमेकांस जोडण्यासाठी होती. तिच्यातील संभाषणाची रीत मात्र अत्यंत वेधक आहे. दोन तारा, एक तांबडी व एक पांढरी. स्वस्थ असताना दोहोंवर व्होल्टेज वर. पाठविणाऱ्याला ० पाठवावयाचा असेल तर तो तांबडी तार खाली ओढतो. ऐकणारा ते पाहतो आणि पांढरी तार खाली ओढून म्हणतो, ‘कळले.’ मग पाठविणारा तांबडी सोडतो. ती वर गेलेली पाहून ऐकणारा पांढरी सोडतो. १ पाठवावयाचा असेल तर तारांची अदलाबदल, बाकी सर्व तसेच. म्हणजे येथे गठ्ठ्याची नव्हे, अक्षराचीही नव्हे, प्रत्येक खुणेची पोच! वेग ठरवून घेण्याची जरूर नाही, घड्याळे जुळविण्याचीही नाही. दोघांत जो मंद असेल त्याच्या चालीने दुसरा चालतो. घाईच्या माणसाला हा शिष्टाचार फारच सावकाशीचा वाटेल, पण स्वस्त यंत्रांसाठी याहून शहाणी योजना मला तरी दिसत नाही.

त्यावरचा थरही असाच शिष्टाचाराचा. प्रत्येक निरोपाच्या आरंभी बोलणाऱ्याने आपली ओळख सांगावयाची. टीआय-८५ शी बोलणारा संगणक स्वतःस ०५ म्हणवितो. यंत्र उत्तर देताना ८५ म्हणते. दुसरा आकडा निरोपाचा हेतू सांगतो : ६८ म्हणजे ‘तयार आहात काय?’, ०९ म्हणजे ‘येऊ द्या’, १५ म्हणजे ‘हा मजकूर’, ५६ म्हणजे ‘पावले’, ९२ म्हणजे ‘संपले’. (हे आकडे संगणकवाल्यांच्या सोळाच्या पाढ्यातले आहेत.) मग मजकुराची लांबी, मजकूर, आणि शेवटी मजकुरातील सर्व आकड्यांची बेरीज. पलीकडचा स्वतः बेरीज करून ताडून पाहतो. जुळली नाही तर ‘५ए’, अर्थात ‘पुन्हा पाठवा’. मालगुजाराच्या वाड्यावरील दिवाणजी रोजकीर्दीच्या पानाखाली बेरीज मांडीत असत, त्यातलाच हा प्रकार. त्यातील उणीवही तीच : दोन रकमांची जागा आपसांत बदलली तर बेरीज बिनचूक राहते आणि चूक लपते. कर्मिटमध्ये याहून कडक तपासणीची सोय होती.

अडचण अशी, की ही सुंदर रीत खरेदीदाराच्या पुस्तिकेत नव्हती, आणि संगणकाच्या सीरियल पोर्टला ती समजतही नव्हती. पोर्टवर उणे-अधिक बारा व्होल्टचा खेळ, कॅल्क्युलेटर पाच व्होल्टचा; सरळ तार जोडाल तर यंत्र दुखावेल. म्हणून कंपनीने ‘ग्राफ लिंक’ नावाची करड्या रंगाची केबल विकली. तिच्या पोटात एक चिमुकला संगणकच दुभाषा म्हणून बसविला होता. एका बाजूने तो आरएस-२३२ ची भाषा ९६०० च्या वेगाने बोले, दुसऱ्या बाजूने तांबड्या-पांढऱ्या तारा ओढी.

या करड्या केबलसाठी प्रोग्रॅम लिहिणे हा त्या काळच्या शिकाऊ माणसास उत्तम धडा होता. पहिल्या सीरियल पोर्टचा पत्ता ३एफ८. ८२५० चिपमागचे स्फटिकाचे घड्याळ सेकंदाला १८,४३,२०० ठोके देते. चिप त्यास सोळाने भागते, म्हणजे उरले १,१५,२००. ९६०० चा वेग हवा तर भाजक १२. पत्ता ३एफबी येथील आठवा बिट वर करून १२ हा आकडा ३एफ८ वर लिहावा, बिट खाली करावा, आठ बिटांचे अक्षर व एक विसाव्याची खूण ठरवावी, की दार उघडले. अक्षर आले किंवा कसे, हे ३एफडी वर पाहावे. एका अक्षराला सुरुवात व विसावा धरून दहा खुणा लागतात, म्हणून सेकंदाला ९६० अक्षरे. साधारण एक मिलिसेकंदाला एक. तेवढ्या अवधीत प्रोग्रॅमने आलेले अक्षर उचलले नाही तर मागून येणारे त्याच्यावर बसते व पहिले नष्ट होते, कारण ८२५० जवळ एकाच अक्षराची ओसरी. पुढे १६५५०ए या चिपने ती सोळा अक्षरांची केली. टीआय-८५ ची २८ किलोबाइटची संपूर्ण स्मृती उतरवून घेण्यास पोचांचा वेळ सोडला तरी तीस सेकंद लागत. तेवढा वेळ माणूस पडद्याकडे डोळे लावून बसे.

करडी केबल विद्यार्थ्यांच्या खिशाला महाग. तेव्हा काहींनी दोनचार रुपयांच्या मोलाचे डायोड आणि रेझिस्टर जोडून घरगुती केबल बनविल्या. कंपनीनेही मागाहून काळ्या रंगाची स्वस्त केबल काढली. या काळ्या केबलमधील युक्ती मोठी गमतीची आहे. सीरियल पोर्टची अक्षरे पाठविणारी मुख्य तार ती वापरीतच नाही! मोडेमसाठी राखून ठेवलेल्या ‘मी तयार’, ‘पाठवू का’ अशा सूचनांच्या ज्या बाजूच्या तारा, त्यांनाच तांबड्या-पांढऱ्या तारांचे काम लावावयाचे. प्रोग्रॅमने ३एफसी या पत्त्यावरील दोन बिट खालीवर करावयाचे आणि ३एफई वरील दोन बिट सारखे न्याहाळावयाचे. दुभाषा गेला, संगणक स्वतःच एकेका खुणेची पोच देऊ लागला. घराचा दरवाजा बंद ठेवून खिडकीतून देवघेव करण्यासारखा हा प्रकार. चालत असे झकास. पण मानकाने खिडकीचा हा उपयोग सांगितलेला नव्हता, हे ध्यानात असू द्यावे.

रीत छापलेली नव्हती, तर ती लोकांना कळली कशी? तारांवरील व्होल्टेज तासन् तास पाहून, आकडे वहीत उतरवून, चुकतमाकत. अमेरिका व युरोपातील हौशी विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात हे काम तुकड्यातुकड्याने केले आणि सापडलेला प्रत्येक नियम लिहून सर्वांस वाटला. त्यातून १९९४ साली एक अनपेक्षित गोष्ट घडली. टीआय-८५ च्या संपूर्ण स्मृतीची प्रत संगणकावर उतरवून, तीत हेतुपुरस्सर फेरफार करून ती परत चढविली, तर यंत्र आपल्या झेड-८० प्रोसेसरच्या मूळ भाषेतील प्रोग्रॅम चालवू लागते, हे आढळले. ‘झी-शेल’ या नावाने ती युक्ती प्रसृत झाली. निर्मात्याने जे दार ठेवलेच नव्हते, ते या तारेने उघडले. मुलांनी त्यावर खेळ लिहिले हे खरे. परंतु पुष्कळांनी प्रोसेसर कसा चालतो हे प्रथम तेथेच जाणले. टीआय-८६ मध्ये कंपनीने स्वतःच तशी आज्ञा पुरविली, हा त्या मुलांचा मोठाच विजय म्हणावयास हवा.

तो विजय निर्वेध राहिला नाही. टीआय-८३ प्लसची मूळ प्रणाली बदलता येऊ नये म्हणून कंपनीने तिला ५१२ बिटांच्या संख्येचे कुलूप लावले होते. २००९ साली एका हौशी माणसाने घरच्या संगणकावर सुमारे अडीच महिने गणित चालवून त्या संख्येचे अवयव पाडले. कंपनीने कायद्याच्या नोटिसा धाडल्या. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था हौशी लोकांच्या बाजूने उभी राहिली. पुढे २०२० साली टीआय-८४ प्लस सीई च्या नव्या प्रणालीतून कंपनीने मूळ भाषेतील प्रोग्रॅम चालविण्याची सोय काढून घेतली. परीक्षेत गैरप्रकार होऊ नयेत ही कंपनीची बाजू आहे, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. शिक्षकास तिचे मोल कळते. तथापि स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राशी कोणत्या भाषेत बोलावे, हे विकणाऱ्याने विक्रीनंतरही ठरवीत राहावे, हे मनास पटत नाही.

या ठिकाणी आपल्या वाचकांस एका घरगुती गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. नागपूरकर भोसल्यांच्या दप्तराची लिपी मोडी होती. त्या काळातील सनदा, कवुलायती, देण्याघेण्याचे कागद रुमालात बांधून जुन्या घरांतील पेट्यांत पडलेले असतात. १९५१ साली मालगुजारी गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर एका राज्यात व बालाघाट दुसऱ्या राज्यात गेले. मुलांच्या शाळा हिंदी झाल्या. कागद जागच्या जागी राहिले. वाळवी लागली नाही, शाई उडाली नाही, तरीही ते मुके झाले, कारण वळणाची ती रीत घरातून गेली. मोडी मात्र सुदैवी ठरली. तिचे तक्ते छापलेले आहेत, शिकविणारी पुस्तके आहेत, महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे तिचे वर्गही भरत आले आहेत. रीत कोठेतरी लिहिलेली आहे, म्हणून नातवाने मनावर घेतले तर पणजोबांचा कागद अजून बोलेल. १९९० च्या दशकात आपल्याकडे हौसेने घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक डायऱ्या, ज्यांत गेलेल्या आप्तांचे पत्ते व टिपणे आहेत, त्यांच्या बाबतीत असे म्हणता येईलच असे नाही. त्यांनाही संगणकास जोडण्याची तार होती. ती तार आणि तिचा प्रोग्रॅम कोठे गेला, हे घरात विचारून पाहावे.

सीरियल पोर्टचे युग मावळले ते यूएसबीमुळे. त्या मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ते घडविणाऱ्या इंटेलच्या पथकातील प्रमुख नाव अजय भट्ट यांचे. भट्ट बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. महाराष्ट्राबाहेरील मराठी राजवटीने उभ्या केलेल्या विद्येच्या पेठेतून निघालेल्या या गुजराती अभियंत्याने घरोघरच्या संगणकामागील तारांचे जंजाळ सोडविले, याचे आपणांस कौतुक वाटल्यास ते अस्थानी ठरणार नाही. २००४ च्या टीआय-८४ प्लसला यूएसबीचे छिद्र आले आणि नव्या विद्यार्थ्याला भाजक १२ ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. आपल्या देशातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आणि ज्या अडीच फुटी रुळांच्या कडेने ती तार आपल्या भागात आली, ते रूळ उखडून त्या जागी रुंद मार्ग झाला आहे.

आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतो. यूएसबीतून सीरियल काढून देणारा अडॅप्टर मात्र बाजारात सहज मिळतो. जुनी टीआय-८५ आणि तिची केबल घरात असतील तर तो आणून जोडून पाहावा. केबल करडी असेल तर काम होते : तिच्यातील दुभाषा १९६९ च्या छापील मानकाप्रमाणे बोलतो आणि अडॅप्टरलाही तेच मानक ठाऊक असते. केबल काळी असेल तर होत नाही. तिला ३एफसी या पत्त्यावरील बिट थेट हलवावे लागतात, आणि अडॅप्टरला असा पत्ताच नसतो. विंडोज एनटी व त्यानंतरच्या प्रणालींनी साध्या प्रोग्रॅमला त्या पत्त्यांना हात लावू देणे त्याआधीच बंद केले होते. अशा वेळी सीरियल पोर्ट असलेला एखादा जुना संगणक शोधावा. झाकणाआडची बॅटरी उतरण्यापूर्वी हे केलेले बरे. स्मृती उतरवून घेताना शेवटी यंत्र ९२ पाठविते. त्यावर संगणकाने ५६ म्हणावयाचे असते, ते विसरू नये.